आल्झेनबॉर्नच्या मैदानाजवळून

कायझर्सलाउटर्न,
रविवार, रात्री

प्रिय संजू,

परवा तू फोनवर म्हणालास, "यंदा संघ उतरवायचा का नाही, यावर तालमीत बैठक हाय," आणि गप्प झालास. मलाही काही सुचलं नाही. दोन पोरं जास्त पैसे देणाऱ्या संघाकडं गेली, गोलकीपर नोकरीसाठी पुण्याला गेला, वर्गणीची वही निम्मी कोरी. हे सगळं तू आधीच सांगितलं होतंस. चार शब्दांत धीर द्यावा आणि फोन ठेवावा, असा हा विषय नव्हे. म्हणून लिहायला बसलोय. लांबेल. तालमीच्या कट्ट्यावर बसून वाच.

तू मागं एकदा विचारलं होतंस, तिकडं बायर्न आणि डॉर्टमुंडसारखे मोठे क्लब सोडून गावातला फुटबॉल कसा असतो? मी सांगतो-सांगतो म्हणत राहिलो. आज सांगतो. पण सगळ्या जर्मनीचं मला सांगता येणार नाही, एका गावाचं सांगता येईल. गावाचं नाव आल्झेनबॉर्न. आम्ही राहतो तिथून पंधराएक किलोमीटर. आल्झेन्झ नावाची छोटी नदी तिथं उगम पावते, आणि 'बॉर्न' म्हणजे झरा, म्हणून हे नाव. चहूबाजूंनी फाल्त्स प्रांतातलं जंगल, मधे उतरती छपरं, एक चर्च, आणि गावाला लागून फुटबॉलचं मैदान. मैदानाचं नावही गोड आहे. 'किंडरलेरं'. शब्दशः अर्थ घेतला तर मुलांची शिकवणी.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सामना वगैरे काही नव्हता. सायकल कुंपणाला टेकवली आणि बघत उभा राहिलो. एक म्हातारे गृहस्थ गोलच्या तोंडाशी उखडलेली ढेकळं पायानं दाबून बसवत होते. मी नमस्कार केला, कुठून आलो ते सांगितलं. त्यांनी विचारलं, तुमच्याकडं क्रिकेटच ना? मी म्हटलं, आमच्या कोल्हापुरात फुटबॉल आहे, पेठापेठांत आहे, शाहू स्टेडियम भरतं. ते ऐकल्यावर त्यांनी हातातलं काम थांबवलं आणि मैदानाच्या एका कोपऱ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "मी लहानपणी तिथं उभा राहायचो." मग तासभर बोलत राहिले. त्यांनी सुरुवात करून दिली, बाकीचं मी नंतर वाचून, विचारून जमवलं.

आधी एक सांगतो, ते वाचून तुला आपलीच तालीम आठवेल. जर्मनीतल्या कितीतरी जुन्या क्लबांच्या नावाच्या सुरुवातीला 'टीएसव्ही' किंवा 'टुस' असं काहीतरी असतं. त्यातला 'टी' किंवा 'टु' म्हणजे टुर्नेन, व्यायाम. १८११ साली फ्रीडरिश लुडविग यान नावाच्या माणसानं बर्लिनच्या हाझेनहायडं भागात उघड्यावर व्यायामाचं मैदान सुरू केलं, आणि मग देशभर व्यायाममंडळं निघाली. फुटबॉल पुढं इंग्लंडहून आला आणि बऱ्याच गावांत याच मंडळांच्या अंगणात रुजला. जुन्या व्यायामवाल्यांना तो आवडत नव्हता. त्यांना ते नुसतं लाथा मारणं वाटायचं. आपल्याकडं लाल मातीतल्या तालमींनीच पुढं फुटबॉलचे संघ काढले, पेठेची इभ्रत आखाड्यातून मैदानावर आली. हे तिथं उभं राहून आठवलं आणि मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

क्लब नोंदवायला इथं किमान सात माणसं लागतात. आपल्याकडच्या संस्था नोंदणी कायद्यातही सातच. तो सातांचा आकडा मला फार आवडतो. सात जण ओळखीचे, एकमेकांवर विश्वास असलेले, बास. पुढची शंभर वर्षं त्या सातांवर उभी राहतात.

आल्झेनबॉर्नचा क्लब १९१९ चा. त्या सालाला महत्त्व आहे. महायुद्ध नुकतंच संपलं होतं, पोरं खंदकातून परत आली होती, जी यायची होती ती. १९१८ च्या नोव्हेंबरात जर्मनीत आठ तासांचा कामाचा दिवस लागू झाला. कष्टकऱ्यांना पहिल्यांदाच संध्याकाळ मिळाली. देशभर खेडोपाडी क्लब निघाले ते याच काळात. फाल्त्स प्रांतात तेव्हा फ्रेंच सैन्य येऊन बसलं होतं. हार झालेली, वर परकी फौज, खिशात दमडी नाही, आणि अशात गावातली माणसं एकत्र येऊन चेंडूचा क्लब काढतात. तुझ्या वर्गणीच्या वहीचा विषय निघाला की मला ही माणसं आठवतात.

या गावाची आणखी एक गंमत. एकोणिसाव्या शतकापासून हे सर्कसवाल्यांचं गाव. तारेवरून चालणारे, कसरती करणारे, विदूषक, उन्हाळाभर गावोगाव फिरायचे आणि हिवाळ्यात इथं परत यायचे. आज गावात त्यांचं छोटं संग्रहालय आहे, बायासेउम. इकडच्या बोलीत विदूषकाला बायास म्हणतात. लहान गावातली माणसं मोठ्या मंडपात जाऊन उभी राहिली तर तिथल्या लोकांना त्याचं नवल वाटत नसावं, असं मला ते बघताना वाटलं.

आता फ्रित्झ वाल्टर. हे नाव तुला माहीत आहे. १९५४ चा विश्वचषक, ४ जुलै, बर्न, धो धो पाऊस, हंगेरी आठ मिनिटांत दोन गोलांनी पुढं आणि शेवटी जर्मनी ३-२. त्या संघाचा कप्तान. अंतिम सामन्यात उतरलेल्या अकरांपैकी पाच जण एकट्या कायझर्सलाउटर्नचे, त्यात तो आणि त्याचा धाकटा भाऊ ओटमार. इथं आजही पाऊस लागला की लोक म्हणतात, 'फ्रित्झ वाल्टर हवा' आहे. युद्धात त्याला मलेरिया झाला होता, ऊन सोसायचं नाही, पावसात मात्र खुलायचा.

युद्धाच्या शेवटी तो रशियनांच्या ताब्यात सापडला होता. आता रुमानियात असलेल्या सिगेत गावच्या छावणीत होता, तिथून कैद्यांना सोव्हिएत युनियनमध्ये पाठवत. पहारेकरी चेंडू खेळत होते, हाही त्यांच्यात खेळला, आणि एका हंगेरियन पहारेकऱ्यानं त्याला ओळखलं. त्यानं १९४२ चा बुडापेस्टचा सामना पाहिला होता, जर्मनीनं ५-३ नं जिंकलेला. सांगतात, की त्या पहारेकऱ्यानं वरिष्ठांना पटवलं, हा माणूस जर्मन नाही, फ्रान्सच्या सीमेवरच्या झारलँडचा आहे, आणि फ्रित्झचं नाव यादीतून निघालं. १९४५ च्या ऑक्टोबरात तो घरी परतला. झारलँड हा शब्द ध्यानात ठेव, पुढं परत येणार आहे.

इतका मोठा खेळाडू, पण आपल्या मातीतून हलला नाही. स्पेनच्या अॅटलेटिको माद्रिदनं बोलावलं होतं, गेला नाही. जन्मभर एकच क्लब. खेळणं थांबवल्यावर साठच्या दशकात त्यानं घर बांधलं ते आल्झेनबॉर्नमध्ये. आणि २००२ साली गेला तोही तिथूनच. गावात तो नुसता राहिला असता तरी गावाला भूषण होतं. पण तो मैदानावर जाऊन उभा राहिला.

क्लबचा अध्यक्ष हानेस रूट, बांधकामाचा ठेकेदार, फ्रित्झचा दोस्त. प्रशिक्षक ओटो रेंडर, फ्रित्झच्याच जुन्या क्लबात खेळलेला. ठेकेदाराचा पैसा, फ्रित्झचा शब्द आणि रेंडरची शिस्त. क्लब खालच्या लीगमधून वर वर चढत गेला आणि १९६५ मध्ये रेगिओनाललीगा झ्यूडवेस्टमध्ये, म्हणजे नैऋत्येच्या प्रादेशिक लीगमध्ये, दाखल झाला. तेव्हा जर्मनीत वर एकच बुंडेसलीगा, १९६३ ला सुरू झालेली, आणि तिच्या खाली लगेच पाच प्रादेशिक लीगा. म्हणजे हे खेडं देशाच्या दुसऱ्या पायरीवर येऊन उभं राहिलं. समोर कोण? माइन्झ, वोर्म्स, पिर्मासेन्स, नॉयनकिर्शन, झारब्र्युकन. सगळी शहरं. आल्झेनबॉर्नची लोकसंख्या अडीच हजाराच्या आसपास. आपल्या एका पेठेत याहून जास्त माणसं राहतात, संजू.

आणि या खेड्यानं लीग जिंकली. १९६८ ला जिंकली. १९६९ ला परत. १९७० ला परत. सलग तीनदा. म्हाताऱ्या गृहस्थांनी हे सांगताना तीन बोटं वर केली आणि बराच वेळ तशीच धरली.

पण जिंकलं म्हणून बुंडेसलीगात थेट जाता येत नव्हतं. प्रत्येक प्रदेशातले पहिले दोन एकत्र येत, त्यांचे दोन गट पाडत, आणि हंगाम संपल्यावर, पाय गळून गेल्यावर, घरी-दारी असे आणखी आठ सामने. गटात जो पहिला तोच वर. दुसऱ्याला काही नाही. आल्झेनबॉर्न तिन्ही वर्षं त्या दारापर्यंत गेलं आणि तिन्ही वर्षं दार उघडलं नाही. पहिल्या वर्षी त्यांच्या गटातून बर्लिनचा हेर्था क्लब वर गेला. आणि पुढच्याच वर्षी त्याच हेर्थानं आल्झेनबॉर्नचा सगळ्यात मोठा गोल करणारा गडी, लोरेन्झ होर, उचलला. तीन लाख छत्तीस हजार मार्कांना. त्या काळात ही डोळे पांढरे करणारी रक्कम होती. होर बर्लिनला गेला आणि तिथं वर्षानुवर्षं उत्तम खेळला. तुझी दोन पोरं गेली म्हणालास ना? मी त्यांना नावं ठेवणार नाही. होरलाही आल्झेनबॉर्नमध्ये कुणी नावं ठेवल्याचं मी ऐकलं नाही. आणि तो गेल्यावरही १९७० ला लीग त्यांनीच जिंकली, हे तुझ्या बैठकीत नक्की सांग.

आता १९७४. हे लिहिताना मला आजही राग येतो, माझा काही संबंध नसताना येतो. फुटबॉल महासंघानं ठरवलं की पाच प्रादेशिक लीगा मोडायच्या आणि उत्तर-दक्षिण अशी दोन गटांची दुसरी बुंडेसलीगा काढायची, प्रत्येकी वीस संघ. कुणाला घ्यायचं? गेल्या पाच हंगामांत कोण कितव्या नंबरावर आलं त्याचे गुण काढायचे, अलीकडच्या हंगामांना जास्त वजन द्यायचं. हिशेब कागदावर मांडला तेव्हा आल्झेनबॉर्न बसत होतं. खेळून, घाम गाळून, पाच वर्षांच्या निकालांवर बसत होतं. महासंघानं परवाना नाकारला. कारण आर्थिक कुवतीचं दिलं. आणि ती जागा दिली झारब्र्युकनला. झारब्र्युकन म्हणजे झारलँडची राजधानी, मोठं शहर, १९६३ ला बुंडेसलीगा सुरू झाली तेव्हा पहिल्या सोळांत असलेला क्लब.

झारलँड. ज्या नावानं सिगेतच्या छावणीत फ्रित्झ वाल्टर वाचला, त्याच नावाच्या मुलखाला त्याच्या गावाची जागा गेली. त्याला हे कधी जाणवलं असेल का? मला वाटतं, जाणवलं असणार. अशा गोष्टी माणूस विसरत नाही.

मी यावर खूप विचार केलाय. त्या खेड्याला देशभर दूरदूर सामने खेळायला जाणं, पगारी खेळाडू सांभाळणं झेपलं असतं का? एका ठेकेदाराच्या खिशावर चाललेलं ते सगळं. कदाचित दोन वर्षांत क्लब कर्जात बुडाला असता. हे मी स्वतःशी कबूल करतो. पण तरीही ते ठरवायचं त्यांनी होतं. बुडायचं असतं तर मैदानावर हरून खाली यायचा हक्क त्यांचा होता. गवतावर कमावलेलं टेबलावर काढून घेतलं, हे मला पटत नाही आणि पटणार नाही.

त्याच साली, २६ ऑक्टोबरला, इथून फार लांब नसलेल्या एपिंगेन नावाच्या लहान गावानं जर्मन चषकात हाम्बुर्गला २-१ नं हरवलं. हौशी संघानं बुंडेसलीगावाल्याला चषकात हरवण्याची ती पहिलीच वेळ. पुढं १९९४ च्या ऑगस्टमध्ये फेस्टेनबर्ग्सग्रॉइट नावाच्या खेड्यानं तर बायर्न म्युनिकलाच १-० नं गारद केलं. असल्या बातम्या जगभर छापून येतात, आणि आनंदच आहे. पण ते एका दुपारचं काम असतं, लेका. नव्वद मिनिटं सगळे जिवावर उदार होऊन पळाले की होऊन जातं. आल्झेनबॉर्ननं तीन वर्षं, रविवारमागून रविवार, चिखलात, बर्फात, लीग जिंकली. ती कुणी छापत नाही, म्हणून मी तुला लिहितोय.

१९७४ नंतर क्लब हौशी लीगमध्ये गेला आणि हळूहळू आणखी खाली. आज तो आसपासच्या गावांशी खेळतो. ही गोष्ट इथं संपते असं मीही समजत होतो.

मग गेल्या सप्टेंबरात मी एका रविवारी सामना बघायला गेलो. इराला बरोबर नेलं. ती आता दहा वर्षांची झाली, आमच्या वस्तीतल्या क्लबात डावीकडून खेळते, तुझ्यासारखी. तिकीट म्हणून थोडे युरो, ते एका बाई डब्यात घेत होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला नावानं हाक मारत होत्या. भट्टीवर सॉसेज भाजत होते. धूर मैदानावर पसरला होता. कठड्याला टेकून माणसं उभी, कुणी आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन. खेळ साधा होता, पास चुकत होते, एक पोरगा तर दमून वाकून उभा राहिला. पण कुणीतरी गवत कापलं होतं, रेषा मारल्या होत्या, जाळी शिवली होती. हे सगळं बिनपगारी. इथं त्याला मानाचं काम म्हणतात. क्लबातली जी माणसं मी ओळखतो ती कामावरून सुटली की थेट मैदानावर जातात, कुणी पोरांना शिकवतो, कुणी शिट्टी घेऊन पंच होतो, कुणी जर्सी धुऊन आणतो. मुली खेळत होत्या की नाही याकडं इराचं लक्ष. मी तिला सांगितलं, की याच देशात महासंघानं १९५५ पासून १९७० पर्यंत क्लबांना बायकांचे संघ ठेवायला बंदी घातली होती. तिनं विश्वास ठेवला नाही. घरी येऊन तिच्या शिक्षिकेला विचारायचं म्हणाली.

सामना संपल्यावर तेच म्हातारे गृहस्थ गोलच्या तोंडाशी गेले आणि ढेकळं दाबायला लागले. इराही गेली. दोघांनी मिळून अर्धा तास ते केलं. मी बाहेर उभा राहून बघत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर दगडू मामा आले. आठवतात? मॅच संपली, हरलो असलो तरी, पाण्याची बादली घेऊन कोपऱ्यातल्या झाडाला पाणी घालूनच घरी जायचे. आपण हसायचो त्यांना. आता हसू येत नाही.

संजू, तालमीनं वरच्या गटात खेळलंच पाहिजे असं मी म्हणत नाही. बाहेरून गडी आणायला पैसे नाहीत तर नका आणू. पेठेतल्या पोरांचा संघ करा, पहिल्या फेरीत हरा, पण जर्सी मैदानावर दिसू दे. सोळा वर्षांखालचा संघ तर तू एकटा उभा करशील, तुझं पोरं ऐकतात. आणि माझ्याकडून चार गोष्टी लिहून घे. वर्गणीच्या वहीत माझं नाव घाल, दरमहा, नुसतं गणपतीपुरतं नाही. मोजे आणि दोन चेंडू मी दिवाळीला येताना आणतो. पोरांची मापं पाठव. आणि १९९८ चा तो संघाचा फोटो, तालमीच्या भिंतीवरचा, ज्यात तू गुडघ्यावर बसलायस आणि मी मागं डोळे मिटून उभा आहे, त्याचा मोबाइलवर नीट फोटो काढून धाड. आल्झेनबॉर्नच्या त्या गृहस्थांनी मागितलाय. मी त्यांना म्हटलं होतं, आमच्याकडंही आहे एक मैदान.

वहिनींना आणि काकूंना नमस्कार. बैठकीत काय ठरलं ते त्याच रात्री कळव. तुझे दहा वाजले की इथं संध्याकाळच असते, मी जागाच असेन.

तुझा,
मिलिंद

ता. क. इरा विचारते, आपल्या तालमीचा संघ कुठल्या रंगाची जर्सी घालतो. मी सांगितलं नाही. फोटो जुना, कृष्णधवल नाही पण रंग उडालेला आहे. तू सांग तिला, फोनवर.